बंपरचा गॅप एकाच बाजूला असेल तर आधी ब्रॅकेट बघा
दादा, नवा बंपर उजवीकडं बसतोय आणि डाव्या हेडलाइटखाली बोटभर गॅप राहतोय म्हणून लगेच कानस घेऊन कड घासायला जाऊ नका. गॅप एकाच बाजूला असेल तर दोष बऱ्याचदा बंपरचा नसतो. जुन्या धडकेत फेंडरखालचं, म्हणजे चाकावरच्या पत्र्याखालचं, बंपरची कड धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं ब्रॅकेट तुटलेलं असतं, नाहीतर आतला लोखंडी बीम दबलेला असतो. फेंडरच्या कडेपासून बीमपर्यंतचं अंतर दोन्हीकडं टेपनं मोजा. फरक आला तर आधी बीम सरळ करा.

मग सगळे स्क्रू दोन-तीन आटेच फिरवा, कडा जुळवा आणि शेवटी आवळा. एक कोपरा आधी आवळला की दुसरा उचलतोच. भोक जुळत नसेल तर गोल मोठं करू नका. जिकडं हवं तिकडं २-३ मिमी लांबवा आणि रुंद वॉशर घाला.

वाकलेली कड हेअर ड्रायरनं आतून तापवा, जागेवर दाबा, गार होईपर्यंत धरून ठेवा. साताऱ्यातल्या थंडीत सकाळी हे काम नकोच, क्लिपा कडक होऊन तुटतात; दुपारी गाडी उन्हात लावून करा. रंग मात्र फिटिंग जुळल्यावरच मारा, रंगवलेला बंपर दुकानदार सहसा परत घेत नाही.