बायपास झाली म्हणजे विषय संपला नाही
वर एकांनी लिहिलंय की हृदयाची बायपास झाली, आता गोळ्या कशाला. असं नसतं हो. बायपासमध्ये अडथळ्याला वळसा घालायला जोडतात ती पायातून काढलेली शीर मुळात कमी दाबाची, तिला एकदम धमनीचा दाब सोसावा लागतो मग आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यातही चरबी साठते, १० वर्षांत अशा जवळपास निम्म्या ग्राफ्ट (म्हणजे जोडलेल्या शिरा) बंद पडतात, छातीतली लिमा (छातीच्या आतली डावी धमनी, तीही ग्राफ्ट म्हणून जोडतात) मात्र ९० टक्के लोकांत चालू असते. आमचे नौपाड्यातले काका तलावपाळीला फेऱ्या मारतात म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सोडून बसलेत (चालणं चांगलंच, पण ते गोळीची जागा घेत नाही). अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि डिस्चार्ज पेपर जपून ठेवा, कुठली ग्राफ्ट कुठे लावलीय ते पुढे अँजिओग्राफीला लागतं.