झिझ्काला घोड्यावर बसवू की गाडीवर?

पेठेतला काका
मंडळी, आमच्या गल्लीतली पोरं दर दिवाळीला किल्ला करतात. पन्हाळा झाला, विशाळगड झाला. यंदा मी त्यांना बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या, हुसपंथी युद्धातला (धर्मसुधारक यान हुसचे अनुयायी विरुद्ध कॅथलिक) गाड्यांचा कोट सांगितला आणि पोरं हट्टालाच पेटली. १४२० च्या सुदोमेर्झच्या लढाईसाठी मातीच्या बारा गाड्या तयार आहेत. अडलंय सेनापतीपाशी. यान झिझ्का सरदार घराण्यातला, मग शेतकरी त्याच्या मागं गेलेच कसे? शिवाय एक पोरगं विचारतंय, "काका, आंधळा माणूस घोड्यावर कसा?" काय सांगू?

कागलकर
काका, गाड्यांचं आधी बघा. आमच्याकडं उसाच्या गाड्या कारखान्यावर रांगेला लागल्या की मधनं शेळी जात नाही, पण त्या दोन चाकी. ह्यांच्या चार चाकी होत्या. चाकाला चाक साखळीनं बांधायचं, साटीखाली फळी लटकवायची, म्हणजे खालनं कोण सरपटत आत येत नाही. घोडी सोडून आत बांधायची.

रंकाळाकाठची
काका, सुदोमेर्झला झिझ्का आंधळा नव्हता. एक डोळा आधीच गेलेला, दुसरा १४२१ मध्ये राबीच्या वेढ्यात गेला. त्यामुळं यंदा त्याला एक डोळा ठेवा.

तो सरदार होता खरा, पण त्रोत्स्नोवचा, लहान वतनाचा. आपल्याकडं घरात तलवार आणि शेतात नांगर असलेली घराणी असतात ना, तसं समजा. १४१५ मध्ये यान हुसला कॉन्स्टन्सला जिवंत जाळलं, त्या रागानं गावंच्या गावं उठली. त्यांच्याकडं ना चिलखत ना जातिवंत घोडी. झिझ्कानं त्यांच्याच हातातलं मळणीचं झोडपणं घेतलं, त्याला लोखंडी खिळे ठोकले आणि चिलखती घोडेस्वारांपुढं उभं केलं. मला हा माणूस मोठा वाटतो तो इथं. मागं जायला शेतकऱ्यांना आणखी काय हवं होतं?

सगळे सरदार असे नव्हते. चर्चच्या जमिनी घशात घालायला मिळतात म्हणून हुसपंथी झालेलेही पुष्कळ. उलट बोहुस्लाव श्वाम्बेर्क हा कट्टर कॅथलिक सरदार. झिझ्कानं त्याला १४२१ मध्ये गढीसकट पकडलं, आणि तोच पुढं हुसपंथी होऊन त्यांचा सेनापती झाला, १४२५ मध्ये रेट्झच्या वेढ्यात पडला.

झिझ्का स्वतः १४२४ च्या ऑक्टोबरात प्रझिबिस्लावच्या वेढ्यात आजारानं गेला. त्याच्या माणसांनी स्वतःचं नाव ठेवलं 'अनाथ'. हे वाचताना माझ्या घशात आवंढा येतो.

घोड्याचं म्हणाल तर नंतरच्या एका हस्तलिखितातल्या चित्रात तो सैन्यापुढं पांढऱ्या घोड्यावरच आहे. बिनधास्त बसवा.

कागलकर
एवढा पक्का कोट, मग फुटला कसा?

रंकाळाकाठची
बाहेरून नाही फुटला. ३० मे १४३४, लिपानीची लढाई. कोटात जहाल हुसपंथी. समोर मवाळ हुसपंथी आणि कॅथलिक सरदार एक झालेले, सेनापती दिविश बोर्झेक, तोही हुसपंथी सरदारच. त्यांनी पळ काढल्याचं सोंग केलं. आतल्यांनी साखळ्या सोडल्या, पाठलागाला बाहेर धावले, आणि दबा धरलेलं घोडदळ उघड्या कोटात शिरलं. जहालांचा सेनापती प्रोकोप होली तिथंच पडला.

पेठेतला काका
ताई, पोरांना सगळं वाचून दाखवलं. झिझ्का घोड्यावर बसला, एका डोळ्यावर काळी पट्टी. कागलकर, फळ्या आईस्क्रीमच्या काड्यांच्या केल्यात, साखळ्या जुन्या पैंजणाच्या. पोरांनी पलीकडच्या कोपऱ्यात लिपानीही मांडायला घेतलंय. तिथं एक गाडी आडवी सारून ठेवलीय, तिची साखळी जमिनीवर पडलेली.