गेम ‘घेतला’, ‘काढला’ की ‘लावला’? (शब्दचर्चा)

धागाकर्ता

भाचा नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वाढदिवसाला मोटारींच्या शर्यतीचा एक ऑनलाइन गेम दिला होता, पूर्ण किंमत मोजून. गेल्या महिन्यात पडद्यावर पाटी आली: ‘सदर सेवा बंद करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ भाचा म्हणाला, “मामा, आपण तर विकत घेतला होता ना?”

हो म्हणायला तोंड उघडलं आणि ‘विकत’पाशीच अडलो. विकत हे विकणेचंच भावंड. समोरच्याने विकलं तरच आपण विकत घेणार. त्या कंपनीच्या अटी मग आयुष्यात पहिल्यांदा वाचल्या. त्यात स्वच्छ लिहिलंय की आम्ही काही विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिली आहे आणि ती काढून घेता येते. म्हणजे पैसे गेले, बिल आलं, पण विक्री झालीच नाही. मग मी नक्की काय केलं? भाड्याने घेतला म्हणावं तर भाड्याची मुदत आधी ठरलेली असते. उसना घेतला म्हणावं तर उसनवारीचे पैसे कोण मोजतं? क्रियापद सुचवा मंडळी.

खाडीपलीकडे

इथे कॅलिफोर्नियात नेमक्या याच शब्दावर कायदा झालाय. सप्टेंबर २०२४ मध्ये सही झाली, १ जानेवारी २०२५ पासून लागू. डिजिटल वस्तूच्या बटणावर ‘बाय’ किंवा ‘पर्चेस’ लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगायचं, नाहीतर तो शब्द वापरायचा नाही. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय चालते, तिला सूट आहे. कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

याला निमित्त झालेल्या गोष्टी बऱ्याच, पण सगळ्यात गाजला तो युबीसॉफ्ट या गेम कंपनीचा ‘द क्रू’. २०१४ चा गेम, अख्खी अमेरिका गाडीने पालथी घालायची. एकट्याने खेळा की दहा जणांत, सर्व्हरशी जोडलेलं असणं सक्तीचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या हातात नुसती चकती उरली. पुढे लोकांच्या खात्यातून परवानाही काढला. नोव्हेंबरमध्ये इथे दावा दाखल झाला. कंपनीचा बचाव काय, तर ग्राहकांनी परवाना घेतला होता, मालकी नाही.

सदाशिवपेठी

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मराठीने कधीच देऊन ठेवलंय. आपण सगळ्याच गोष्टी ‘घेत’ नाही. बघा:

तिकीट आपण *काढतो*. पास काढतो, लायसन काढतो. ‘मी एसटीचं तिकीट विकत घेतलं’ असं बोलणारा माणूस हल्ली भेटतो, पण तो जाहिरातींची भाषांतरं वाचून बिघडलेला असतो. काढणे म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत शिरायची, तेवढ्यापुरती सोय करून घेणे. गाडी एसटीची ती एसटीचीच.

पेपर आपण *लावतो*. दूध लावतो, खानावळ लावतो, मुलाला क्लास लावतो. पैसे देत राहू तोवर येत राहील, बंद केलं की संपलं. आदल्या महिन्याचं जेवण परत मागायला कोणी जात नाही. त्यामुळे ओटीटी ‘घेतलं’ म्हणू नका, ‘लावलं’ म्हणा. आमच्याकडे आई कधीपासून तसंच म्हणते, तिला कोणी शिकवलं नाही.

रिचार्ज *मारतो*. फी, हप्ता, पट्टी *भरतो*.

आणि ‘घेतो’ ते घर, सायकल, मिक्सर. जे माळ्यावर टाकता येतं, धाकट्याला देता येतं, भंगारवाल्याला घालता येतं. तुमच्या गेमचं यातलं काय करता येत होतं? म्हणून तो तुम्ही काढला होता. गेम काढला. कानाला आज खटकेल, पण अर्थ चोख आहे.

टीव्हीगेमवाला

घोळ इथून झालाय की आमच्या पिढीने खरंच घेतले होते हो गेम. पिवळी कॅसेट, वर छापलेलं ‘९९९९ इन १’, आत मोजून पाच गेम आणि त्याच पाचांची नावं फिरवून फिरवून. फसवणूक होतीच, पण जी कॅसेट होती ती माझी होती. चालली नाही की काढायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची, परत घालायची. चाळीत तीन घरं फिरून यायची. माझी अजून कपाटात आहे. वस्तू गेली, क्रियापद तेवढं मागे राहिलं.

गिरगावकर

‘काढला’ पटलं नाही. तिकिटाला पन्नास रुपये जातात, इथे तीन-चार हजार गेले. ही पागडी आहे, पागडी! मोठी रक्कम आधी मोजायची, वर आपण मालक नाहीच.

धागाकर्ता

गिरगावकर, पागडीचा अपमान करताय. पागडीवाल्याला घरमालक सकाळी उठून ‘उद्यापासून चाळ बंद, दिलगीर आहोत’ म्हणू शकत नाही. भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे. मालकाला त्याचा हिस्सा देऊन खोली दुसऱ्याच्या नावावर करता येते. माझ्या भाच्याला तो गेम मित्राच्या नावावर करता येत नाही.

मला उलट पेशवाईतले शब्द आठवले. गावात मिरासदार असायचे आणि उपरी असायचे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, त्याला ती विकता येई, गहाण टाकता येई. उपरी तीच माती कसायचा, सारा भरायचा, पण कौलापुरता, म्हणजे करारात ठरलं तेवढ्यापुरता. आज आपण ‘उपरा’ म्हणजे बाहेरचा एवढंच समजतो. गेम खेळणारे सगळे उपरी आहेत.

सर्व्हरखालचा

मी याच धंद्यात आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात. चाळीस लोक खेळतायत म्हणून वीस वर्षं चालवायचा का?

खाडीपलीकडे

तसं कोणी म्हणतच नाहीये. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या ग्राहकांच्या मोहिमेचं म्हणणं एवढंच की बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा, लोक आपापले सर्व्हर चालवतील. युरोपात त्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या, जुलै २०२५ मध्ये आकडा ओलांडला. आणि पैसे परत करताही येतात. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. ग्राहकांना रक्कम परत दिली.

पंचगंगाकाठ

शब्दांचाच विषय निघालाय तर माझं एक घ्या. गेममध्ये पैसे टाकून बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. इंग्रजीत लूट बॉक्स. जून २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ईए या गेम कंपनीच्या प्रतिनिधीने याला म्हटलं ‘सरप्राइज मेकॅनिक्स’, आणि दाखला दिला चॉकलेटच्या अंड्यातल्या खेळण्याचा. भावा, आमच्याकडं याला सोरट म्हणतात! पानपट्टीवर पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर घडी घातलेल्या चिठ्ठ्या. चार आणे द्यायचे, एक चिठ्ठी फाडायची, आत नंबर. मोठं बक्षीस, ती प्लॅस्टिकची मोटार, पुठ्ठ्याच्या टोकाला दोऱ्यानं बांधलेली. तिच्या नंबराची चिठ्ठी पुठ्ठ्यावर होती की नव्हती हे मला आजवर कळलेलं नाही. पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत अजूनही ‘सोरट जुगार’ असंच छापून येतं. बेल्जियमनं २०१८ मध्ये असल्या पेट्या जुगारात धरल्या. त्यांच्याकडं सोरट शब्द असता तर एवढा अभ्यास करावा लागला नसता.

सदाशिवपेठी

सोरटाला दाद! आता धाग्यातल्या पाटीकडे पुन्हा बघा. ‘बंद करण्यात येत आहे.’ कोण करतंय? कर्ता गायब. सरकारी कचेरीतली ही रचना कंपन्यांना फार मानवली. आणि ‘दिलगीर’. फारसी शब्द, दिल म्हणजे मन. दिलगीर म्हणजे खिन्न, मन धरून बसलेला. खिन्न तर शेजारीही होतो. चूक माझी हे त्यात कुठे आलं? माफी मागायला काहीतरी केलेलं असावं लागतं, दिलगीर व्हायला नाही. म्हणून पाटीवर माफी सापडणार नाही.

गिरगावकर

मग विकतचं दुखणं म्हणा आणि सोडून द्या. तिथे ‘विकत’ चपखल बसतो.

धागाकर्ता

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. सोरटाला हसला. ‘गेम काढला’ ऐकून म्हणाला, “काढला म्हणजे अनइन्स्टॉल केला ना?”

सदाशिवपेठी, आता बोला.