विषय: साक्षगंध झालंय, मुलगी पांढरकवड्याकडची; यूकेच्या व्हिजिटर व्हिसाचे कागद कसे लावायचे?

प्रेषक: प्रणय, लेस्टर

मंडळी, नमस्कार.

मुलगी केळापूर तालुक्यातल्या खेड्यातली. साक्षगंध (साखरपुडा) झालंय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर गावीच. त्याआधी महिनाभर तिने इकडे येऊन घर-गाव बघावं असा दोन्ही घरांचा विचार आहे. मला आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आहे, पगाराची नोकरी आहे, घर भाड्याचं. तिकडे ८ एकर वडिलांच्या नावे, तिच्या नावावर काही नाही. ती शेतीचं सगळं बघते, बचत गटाची सचिव आहे, घरी शिवणकाम करते. आयकर रिटर्न कधी भरलेला नाही.

तिकडचा एजंट म्हणतो: खात्यात पाच लाख दाखवा, सीएकडून नेटवर्थ सर्टिफिकेट घ्या, आणि साक्षगंधाचा उल्लेख टाळून नुसतं "फिरायला" लिहा. यातलं किती ऐकायचं?

---

प्रेषक: मीनल, स्लाव

प्रणय, काहीच ऐकू नकोस. पहिल्या दोन गोष्टींनी पैसे वाया जातील. तिसरीने मुलीच्या नावावर दहा वर्षांची बंदी लागू शकते, कारण महत्त्वाची गोष्ट लपवणं ही तिथे फसवणूक धरली जाते. त्यात पुढे तू स्पाउस व्हिसाचा (लग्नानंतर जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाचा) अर्ज करणार, तेव्हा साक्षगंधाचे फोटो तूच जोडणार. तारीख फोटोवर असतेच.

आधी नियम. स्टँडर्ड व्हिजिटरचा अर्ज यूकेच्या नियमावलीतल्या 'अपेंडिक्स व्ही' खाली तपासला जातो. नकाराच्या पत्रात बहुतेक वेळा त्यातल्या व्ही ४.२ या कलमाचं नाव असतं. मुदत संपल्यावर परत जाणार का, कारण खरं आहे का, येण्या-राहण्याचा खर्च भागतो का, हे तिथे बघतात. बँकेत अमुक रक्कम हवीच असा आकडा नियमात कुठेच नाही. पाच लाखांचं खूळ एजंटांचं. खर्च दुसऱ्याने केला तरी चालतं, ती सोय व्ही ४.३ मध्ये आहे. मात्र त्या माणसाशी खरं नातं हवं, आणि त्याची ऐपत व तयारी दोन्ही दिसायला हवी. म्हणजे तुझ्या प्रकरणात पैशाची बाजू तुझ्या कागदांवर उभी राहणार. तिच्या कागदांनी एवढंच सांगायचं की ही मुलगी कुठली, काय करते, आणि परत का जाईल.

फॉर्ममध्ये वैवाहिक स्थिती "अविवाहित" हीच खरी, लग्न अजून झालेलं नाही. पण कोणाकडे राहणार, खर्च कोण करणार, नातं काय, या प्रश्नांना "वाग्दत्त वर" असं सरळ उत्तर द्यायचं. सोबतच्या पत्रात लग्न कुठे आणि कधी, आणि त्यानंतर स्पाउस व्हिसाचा अर्ज भारतातूनच करणार, हेही लिहा. व्हिजिटरवर आलेल्याला इथल्या इथे स्पाउस व्हिसावर जाता येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे असं दिसलं की परत जाण्याचा मुद्दा निम्मा सुटतो. मंगल कार्यालयाला ॲडव्हान्स दिला असेल तर ती पावती जोडा. हॉटेल बुकिंगच्या दहा पानांपेक्षा ती जास्त बोलते. इकडेच रजिस्टर लग्न उरकून घेऊ असं कोणी सुचवलं तर त्याला हा व्हिसा चालत नाही, त्यासाठी मॅरेज व्हिजिटर व्हिसा वेगळा आहे.

तुझे कागद: पासपोर्टची प्रत, ई-व्हिसाच्या स्थितीचं पान, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, त्याच महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं बिल. घरमालकाचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर उत्तम, पाहुणी राहायला हरकत नाही एवढंच. आमंत्रणपत्र एका पानाच्या पुढे नको. तारखा, राहण्याची जागा, आणि कोण काय देणार ते नेमकं लिही: तिकीट तू, जेवण-राहणं तू, वरखर्च तिचा. स्टॅम्प पेपरवर नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागत नाही, साधं सही केलेलं पत्र पुरतं. महिनाअखेर तुझ्या खात्यात शे-दोनशे पाउंडच उरत असतील तर मात्र पत्र कितीही गोड लिहून उपयोग नाही, बचत खात्याचं स्टेटमेंटही लाव.

फी: सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिसाला ९ एप्रिल २०२५ ला १२७ पाउंड झाली होती, भरायच्या दिवशी सरकारी साइटवर बघून घे. प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. बोटांचे ठसे दिल्यानंतर निकालाला साधारण तीन आठवडे धर. तिकीट निकालाआधी काढू नका. टीबीची तपासणी या व्हिसाला लागत नाही, ती स्पाउस व्हिसाच्या वेळी.

गावाकडच्या कागदांचं गजाननभाऊंनी सांगावं.

---

प्रेषक: गजानन, मिल्टन कीन्स

प्रणयभाऊ, मीनलताईंनी इकडचं सांगितलं. कास्तकाराच्या घरचा अर्ज बहुतेक पासबुकावर पडतो. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला सारखी रक्कम येते. आपल्याकडे आठ महिने काही नाही आणि मग एकदम लाख-दीड लाखाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे). तपासणाऱ्याला वावर माहीत नाही. त्याला ती रक्कम कोणीतरी उसनी टाकल्यासारखी दिसते. म्हणून सहा महिन्यांचं नको, वडिलांच्या खात्याचं पुरतं एक वर्षाचं स्टेटमेंट काढा, शाखेचा शिक्का घेऊन, आणि प्रत्येक मोठ्या जमेपुढे कागद लावा.

कापूस सीसीआयला (हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला) दिला असेल तर त्याची पट्टी, सोयाबीन बाजार समितीत दिलं असेल तर अडत्याची हिशोबपट्टी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८. पण हमीभावाने गुणाकार करून उत्पन्न लिहू नका. सीसीआय ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापते आणि १२ च्या वर मालच घेत नाही, त्यामुळे हाती आलेला दर कमी असतो. आकडा पट्टीवरूनच उचलायचा.

८ एकर कोरडवाहूचा खरा हिशोब कसा दिसतो बघा. ५ एकर पराटी (कापूस), एकरी ६ क्विंटल धरले तर ३० क्विंटल. ३ एकर सोयाबीन, एकरी ५ धरले तर १५. पूर्ण हमीभाव मिळाला असं मानलं तरी २,४३,३०० आणि ७९,९२०, मिळून सव्वातीन लाखाच्या आत. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी वजा करा. अर्धे उरले तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. तर फॉर्ममध्ये दीड-पावणेदोन लाख वार्षिक, तेही कुटुंबाचं, असं लिहायचं. लोक लाजेने सहा लाख लिहितात आणि तिथेच फसतात. लहान आकडा चालतो, कारण खर्च तुम्ही करताय. न जुळणारा आकडा चालत नाही.

आता न जुळण्याच्या जागा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बहुतेक घरी शिष्यवृत्तीसाठी काढलेला असतो आणि त्यावर जमेल तितकं कमी लिहिलेलं असतं. त्यावर साठ हजार, फॉर्मवर सहा लाख, असे दोन्ही कागद एकाच फाइलीत लागलेले असतात. नवा दाखला सेतूतून खऱ्या आकड्याचा काढा. दुसरं, तिच्या खात्यात लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर ते स्टेटमेंटवर दिसणारच. ती योजना अडीच लाखांच्या आतल्या कुटुंबाला आहे, म्हणजे सहा लाख लिहिले की तिच्याच पासबुकात उलटा पुरावा.

तिसरी जागा पीककर्ज. मे-जूनमध्ये कर्जाचं नवं-जुनं होतं. सकाळी दीड लाख भरलेले, दोन-चार दिवसांनी तेवढेच परत उचललेले. बाहेरच्याला हा पैसा फिरवण्याचा खेळ वाटतो. कर्जखात्याचा उतारा जोडा आणि पत्रात एक ओळ घाला की हे जुन्या पीककर्जाचं नूतनीकरण आहे. पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, पीएम किसानचे दोन हजार, यांच्यापुढे पेन्सिलने नाव लिहिलं तरी पुरे. खासगी जिनिंगला रोखीने दिलेला माल असेल तर काटापट्टी शोधा. ती नसेल तर ती रक्कम उत्पन्नात धरूच नका.

बचत गटाचं खातं तिचं नव्हे. सचिव म्हणून सही तिची असते, शिल्लक गटाची. ते स्टेटमेंट निधी म्हणून लावलं तर खोटं ठरेल. पण गटाच्या ठरावाची प्रत आणि सचिवपदाचं पत्र लावा, गावात तिला परत येऊन करायचं काम आहे हे त्यातून दिसतं. शिवणकामाचे महिन्याला येतात तेवढेच लिहा, वहीच्या दोन पानांचा फोटो जोडा.

सातबारा आणि ८-अ (खातेउतारा) डिजिटल सहीचे ऑनलाइन काढा, सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. तलाठ्याच्या हाताने लिहिलेला जुना नको. घराचा पत्ता ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून घ्या, त्यावर घर क्रमांक असतो.

---

प्रेषक: प्रणय

ताई, भाऊ, बहुत मदत झाली. तीन गोष्टी राहिल्या. तिचे वडील म्हणतात, अर्जाआधी तिचं नाव सातबाऱ्यावर चढवून घेऊ. दुसरं, सातबाऱ्यावर वडील "गुणवंता", तिच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव "गुणवंतराव". आणि आईचं म्हणणं, व्हिसा सहा महिन्यांचा मिळतोच तर चार महिने राहू दे.

---

प्रेषक: मीनल, स्लाव

चार महिने नको. "महिनाभर" हे तुझंच पहिल्या मेलमधलं उत्तर, तेच ठेव. चार महिन्यांत गावचं शिवणकाम कोण करतं, गटाच्या बैठका कोण घेतं, हे प्रश्न उभे राहतात आणि तिच्या परतीच्या सगळ्या कारणांची धार जाते. व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो म्हणून सहा महिने मागायचे नसतात. तारखा शेतीशी जुळव. वेचणी आणि हरभरा आटोपल्यावर मार्च-एप्रिल बरा. पेरणीच्या तोंडावर जूनमध्ये निघते म्हटलं तर "शेती मीच बघते" या वाक्याला अर्थ राहत नाही.

नावाचं: पत्रात एक वाक्य की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, आणि दोन्ही रूपं जुळवणारा एखादा कागद, उदाहरणार्थ आधार किंवा मतदार ओळखपत्र. भाषांतरात नाव "सुधारून" घेऊ नकोस, कागदावर आहे तसंच उतरलं पाहिजे. मराठी कागदाच्या प्रत्येक भाषांतरावर चार गोष्टी लागतात: भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव-सही, आणि त्याचा संपर्क. यातलं एक जरी नसेल तर तो कागद वाचलाच जाणार नाही असं समज. ते नात्यातल्या कोणाकडून करून घेऊ नकोस. क्षेत्र लिहिताना दोन्ही मापं हवीत: सातबाऱ्यावर ३.२४ हेक्टर, पत्रात "८ एकर" एवढंच असलं तर बघणाऱ्याला ती दोन वेगळी शेतं वाटतात.

व्हॉट्सॲपचे दोनशे स्क्रीनशॉट लावू नकोस. साक्षगंधाचे चार-पाच फोटो ज्यात दोन्हीकडची वडीलधारी दिसतात, आणि महिन्यातून एखादा कॉल-लॉग, बस.

---

प्रेषक: गजानन, मिल्टन कीन्स

सातबाऱ्यावर नाव चढवायची घाई नको. फेरफाराला (उताऱ्यावरच्या नावाच्या बदलाला) हरकतींची १५ दिवसांची नोटीस असते, ती बिनतक्रार गेली तरी उताऱ्यावर फेरफार क्रमांक आणि ताजी तारीख उमटते. अर्जाच्या महिन्यात मुलीला जमीन मिळाली, हे व्हिसासाठी केलं असंच वाचलं जातं. भावंडांमध्ये वाद लागला तर तो वेगळाच. जमीन वडिलांची, ती कसते, असं वडिलांनीच पत्रात लिहून द्यावं, खाली सही. सरपंचाचं पत्र जोडायला हरकत नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. तशी पत्रं कोणालाही मिळतात हे तिकडेही कळलंय.

ठसे द्यायला मुंबई-पुण्याचा रस्ता धरण्यापेक्षा पांढरकवड्याहून हैदराबाद जवळ, ४४ नंबरच्या हायवेने आदिलाबादवरून सरळ. कागद स्कॅन करून घरूनच अपलोड करा, केंद्रावर स्कॅनिंगचे जादा पैसे घेतात. फाइलींना नावं द्या: "वडील स्टेटमेंट", "कापूस पट्टी", "सातबारा भाषांतरासह". मोबाइलने तिरपे काढलेले फोटो नकोत.

आणि बोटं. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांची पेरं ओरखडलेली असतात. मशीन ठसा घेत नाही, मग दुसऱ्या दिवसाची वेळ घ्यावी लागते आणि हैदराबादची आणखी एक चक्कर पडते. मेंदीचंही तसंच, ठशाच्या वेळी बोटांवर काही रंगवलेलं चालत नाही. ठशाची तारीख वेचणी संपल्यावर पंधरा दिवसांनी घ्या, रोज रात्री हाताला खोबरेल लावू द्या, आणि त्या आधीच्या आठवड्यात घरात दुसऱ्या कोणाचं लग्न असेल तर मेंदी मनगटाच्या वरच थांबवायला सांगा.