६६व्या वर्षी मोडी लिपी शिकू, की इतिहासात एम.ए. करू?

माजी_तलाठी

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यात ३४ वर्षं तलाठी होतो. ५८ला निवृत्त झालो, आता ६६ चालू आहे. शिक्षण बी.कॉम., १९८०चं, सेकंड क्लास. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं रामायण ऐकून घ्या.

माझ्या पहिल्या सजाच्या (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) चावडीत एक लोखंडी कपाट होतं. खालच्या कप्प्यात लाल फडक्यात बांधलेले रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे. चार्ज घेताना यादीवर सही केली, 'जुने मोडी दप्तर, रुमाल ७'. बदली झाली तेव्हा पुढच्या माणसाची सही घेतली, 'रुमाल ७'. मधल्या काळात कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या, कौलं गळायला लागली तेव्हा दोनदा जागा बदलली. गाठ मात्र एकदाही सोडली नाही. सोडून करणार काय, वाचता कुठं येत होतं.

२०२३ साली कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि लोक माझ्या दारात यायला लागले. "अण्णा, तुम्ही जुने माणूस, बघा आमच्या पणजोबाचं कोतवाल बुकात काय लिहिलंय." कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. मोबाईलवर फोटो असायचा. मी चष्मा लावायचो, दोन बोटांनी फोटो मोठा करायचो आणि फोन परत द्यायचो. एकदा एका घरी असाच बसलो होतो. पंचविशीतला एक पोरगा आला, मोडीचा वर्ग केलेला. माझा चहा निवायच्या आत त्यानं अख्खं पान वाचून दाखवलं. घरातल्या बायका त्याच्याकडं बघत होत्या आणि मी बशीकडं.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. मुलगी म्हणते, "नुसती लिपी शिकून काय करणार, इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, इतिहासात एम.ए. करा, घरबसल्या होतं." बायको म्हणते, "परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही झोपणार नाही आणि मलाही झोपू देणार नाही." मला धाकधूक आहे ती लक्षात राहण्याची. काल काय वाचलं ते आज आठवत नाही. शिवाय ४५ वर्षांत परीक्षा दिली ती फक्त खात्याची. कुणी या वयात असलं काही केलंय का?

चिपळूणकर_७२

करा हो. काय होणार आहे, नापास केलं तर काय पेन्शन कापणार आहेत?

पोस्टातली_मावशी

तलाठी भाऊ, मी पोस्टातून निवृत्त, कोथरूडला राहते. ६६व्या वर्षी इग्नूला एम.ए. इतिहासचा फॉर्म भरला, ६९ला पास झाले. दोन वर्षांचं तीन वर्षांत केलं. चार वर्षांपर्यंत मुभा असते, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही.

तुम्ही लक्षात राहण्याची काळजी करताय. ती सोडा, हाताची करा.

नीट सांगते. पेपर तीन तासांचा. माझ्या वेळी पाच प्रश्न सोडवायचे असत, प्रत्येकाचं उत्तर साधारण ५०० शब्दांचं. म्हणजे एका बैठकीत अडीच हजार शब्द, हातानं. मी नोकरीत असताना दिवसभर लिहायचे, शिक्के मारायचे, मनगट लोखंडाचं होतं. निवृत्तीनंतर लिहिलं काय, तर वाणसामानाची यादी, आणि तीसुद्धा आता फोनवर. पहिल्यांदा घरी घड्याळ लावून बसले तर बाराव्या मिनिटाला अंगठ्याच्या बुडाशी गोळा आला. उत्तर डोक्यात पूर्ण तयार आणि हात जागचा हलेना. रडू आलं खरं सांगायचं तर.

मग रोज सकाळी एक पान लिहायला सुरुवात केली. काहीही. पेपरातला अग्रलेख उतरवून काढ, रेडिओवरचं ऐकून लिही. पंधरा दिवसांनी दोन पानं. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, ते टाकून जेल पेन घेतलं. चार महिन्यांनी तासभर सलग लिहिता यायला लागलं. लक्षात राहणं त्यातूनच आपोआप झालं, कारण हातानं लिहिलेलं निम्मं तरी डोक्यात उरतं. त्यातून तुम्ही खातेदारांचे गट नंबर तोंडपाठ सांगणारी माणसं. तुमचं डोकं कुठंही गेलेलं नाही, त्याला बरीच वर्षं काम नाही एवढंच.

आता बाकीचं भराभर सांगते. एम.ए.चं माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. मी हिंदी घेतलं आणि पहिल्याच गृहपाठात 'शिक्षा' शब्द मराठी अर्थानं वापरून बसले. गुन्हेगाराला शिक्षा झाली असं मला म्हणायचं होतं, वाचणाऱ्याला वाटलं असेल सरकारनं त्याला शाळेत घातलं. मराठीतूनच शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ सालचं. तिथं कोणते विषय आहेत ते त्यांच्या माहितीपुस्तिकेत बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

गृहपाठाला ३० टक्के, लेखी परीक्षेला ७०. दोन्हीकडं वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणून गृहपाठ टाळून चालत नाही. जमा करण्याआधी झेरॉक्स काढा आणि पोच घ्या. तुम्हाला पोच घ्यायला मी काय शिकवणार म्हणा.

अभ्यासाला वेळ किती लागतो? एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तास असा त्यांचा हिशेब. आमचा एकेक विषय ८ श्रेयांकांचा, म्हणजे २४० तास. वर्षाला चार विषय घेतले तर ९६०. दिवसाला अडीच तासांहून थोडं जास्त. मी वर्षाला चार घेतले आणि पस्तावले, दुसऱ्या वर्षापासून कमी पेपर द्यायला लागले. एका पेपरात नापासही झाले, इतिहासलेखनाचा होता. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला असते, जूनला गेला तो डिसेंबरला काढला.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. तीन तास आणि लघवी. सकाळचा चहा अर्धा करा आणि केंद्रावर पोचल्या पोचल्या आधी ती जागा कुठं आहे ते बघून ठेवा. मला मिळालेल्या केंद्रावर ती दोन जिने खाली होती. जाऊन येण्यात माझी नऊ मिनिटं गेली, म्हणजे पाव उत्तर.

बायका वाचत असतील त्यांच्यासाठी: पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, असं असेल तर फॉर्म भरायच्या आधी नाव बदलल्याचे कागद गोळा करा. माझे दोन महिने त्यातच गेले.

आणि पैसे भरायच्या आधी एक करा. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. एम.ए. इतिहासाचं कुठलंही एक पुस्तक उघडा आणि त्यातला एक घटक, म्हणजे धडा, फक्त एक, शेवटपर्यंत वाचा. कंटाळा आला तर काय ते कळलं समजा.

बोरू_दौत

मोडीबद्दल मी बोलतो, गेली अकरा वर्षं हेच वेड आहे.

तलाठी साहेब, तुमचा अर्धा अभ्यास झालेला आहे, तुम्हाला माहीत नाही एवढंच. मोडीची अक्षरं महिना-दोन महिन्यांत ओळखता येतात. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. शब्द तोडायचे नाहीत, ह्रस्व-दीर्घ बघायचं नाही, हात शक्यतो उचलायचा नाही. हे रोज अर्धा तास गिरवलं की येतं. अडतं ते पुढं. आमच्याबरोबर वर्गात इंजिनिअर पोरं होती, अक्षर चटकन ओळखायची आणि 'कीर्द', 'तपसील', 'खारीज', 'वजा जाता बाकी' आलं की तोंड वासून बसायची. तुम्ही हे शब्द रोज सहीखाली वापरलेत. महसूल खात्याची भाषा अजून निम्मी पेशवाईतच आहे.

वर्षांची गंमत तेवढी शिकावी लागेल. जुन्या कागदात साल आकड्यात नसून अरबी शब्दांत येतं, त्याला शुहूर सन म्हणतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं तर उजवीकडून चालायचं: अलफ म्हणजे हजार, मया म्हणजे शंभर, सितैन म्हणजे साठ, इहिदे म्हणजे एक. झाले ११६१. हे साल मृग नक्षत्राला सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवा, जानेवारीनंतरचा असेल तर ६००. ११६१ अधिक ६००, १७६१. जानेवारीतला कागद असेल तर कुठली लढाई ते मी सांगायला नको. पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

वर्ग कुठं? पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ ही १९१० सालची संस्था, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांची. तिथं चौकशी करा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचेही मोडीचे वर्ग होतात, शेवटी परीक्षा असते. तुमच्या नमुना १४ मधलं मोडी इंग्रजी अमदानीतलं असणार. त्या काळची अक्षरं पेशवेकालीन कागदांपेक्षा मला तरी गिचमीड वाटतात, म्हणून सुरुवात पेशवेकाळापासून करा.

लेस्टरची_काकू

मी इकडे इंग्लंडमध्ये २९ वर्षं फार्मासिस्ट होते. आयुष्यभर परीक्षा दिल्या, आता परीक्षेचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. इकडे 'यू थ्री ए' म्हणून असतं, तिसऱ्या वयाचं विद्यापीठ. मूळ कल्पना फ्रान्समधली, १९७३ साली तूलूझला सुरू झाली. तिथं विद्यापीठातले प्राध्यापकच म्हाताऱ्यांना शिकवायचे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती केंब्रिजला आली तेव्हा इंग्रजांनी प्राध्यापकांना बाजूला केलं. ज्याला जे येतं त्यानं ते बाकीच्यांना शिकवायचं. प्रवेश परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही.

आमच्या गटात एक निवृत्त बसचालक आहेत, ते खडकांबद्दल शिकवतात. बस उभी असायची तेव्हा रस्त्याकडेचे दगड बघत बसायचे म्हणे.

तुम्ही एम.ए. कशाला करताय? वाईत सहा निवृत्त माणसं गोळा करा, दर शनिवारी मोडीचा एक कागद घेऊन बसा.

माजी_तलाठी

काकू, वाईत सहा निवृत्त माणसं एका कागदाभोवती बसली तर दुसऱ्या शनिवारी हद्दीचा वाद होईल. पण कल्पना डोक्यात ठेवली आहे.

अक्षय_हिंजवडी

काका, परीक्षा एकदम नको असेल तर आधी 'स्वयम्'वर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर, एखादा कोर्स करून बघा. वयाची अट नाही, व्हिडिओ आणि गृहपाठ फुकट. माझ्या बाबांनी तिथलाच एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा) १२ आठवड्यांचा केला. १२ पैकी सगळ्यात चांगले ८ गृहपाठ धरतात, त्याला २५ गुण, परीक्षेला ७५. परीक्षा ऐच्छिक आहे, तिची फी तेवढी हजार रुपये. केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची, लिहायचं जवळपास काहीच नाही, त्यामुळे मावशी म्हणतात तो हाताचा प्रश्न येत नाही. फक्त व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत असतात. बाबा दीडपट वेगाऐवजी पाऊणपट वेगानं लावायचे, सर दारू प्यायल्यासारखे बोलायचे, पण समजायचं.

पोस्टातली_मावशी

अक्षय, कोर्स चांगलेच आहेत, मीही एक केला. पण चार पर्यायांतला एक टिचकी मारून निवडणं आणि कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य लिहिणं यात फरक आहे. मला ते दुसरं हवं होतं. ३६ वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली पाकिटं हाताळली, आपलं एकही पान नव्हतं. लेस्टरच्या ताईंचंही पटतं, त्यांच्या परीक्षा देऊन झाल्यात. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणांना कुणी द्यायलाच बसवलं नाही.

माजी_तलाठी

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येतोय, काय केलं ते सांगतो.

ई-ज्ञानकोशावरून भारताच्या आर्थिक इतिहासाचं पुस्तक उघडलं. मध्ययुगीन शेतसाऱ्यावरचा घटक होता. मावशी, कंटाळा नाही आला. उलट दोन ठिकाणी लेखकाशी भांडलो. पिकाचा अंदाज कसा बांधत असतील ते ज्यानं बांधावर उभं राहून पीकपाहणी केली आहे त्याला विचारावं. मुलीला फोन करून अर्धा तास हेच ऐकवलं. ती म्हणाली, "पप्पा, हे मला नको सांगू, उत्तरपत्रिकेत लिही."

मोडीचा ऑनलाइन वर्गही लावलाय, आठवड्यातून दोन संध्याकाळी. वर्गात २३ जण आहेत, माझ्याहून मोठे दोघं. आतापर्यंत बाराखडीच्या निम्म्यापर्यंत आलोय. परवा एका शेजाऱ्यानं फोटो पाठवला, त्यातलं 'मौजे' आणि त्यापुढचं गावाचं नाव वाचता आलं. बाकी ओळ अजून नुसती शेवयांसारखी दिसते. पण ते गाव माझ्याच सजातलं होतं.

एम.ए.चा फॉर्म जानेवारीच्या प्रवेशाला भरणार. बायको म्हणाली, पेपरच्या आदल्या रात्री ती बहिणीकडं झोपायला जाईल.

काल मावशींनी सांगितल्याप्रमाणं घड्याळ लावून बसलो. ५०० शब्दांना ४७ मिनिटं लागली, म्हणजे हिशेबापेक्षा ११ जास्त, आणि शेवटच्या दहा ओळी मलाच वाचता येत नाहीत, मोडीसारख्या झाल्यात. मावशी, तुमचं जेल पेन ०.५चं होतं की ०.७चं?

पोस्टातली_मावशी

०.७. आणि एकदम डझन घेऊ नका, आधी एक वापरून बघा.