मदत हवी आहे: चंद्रपूरच्या परकोटाचे फोटो मोबाईलवर कसे काढावे?

नमस्कार मंडळी. मी मूल तालुक्यातला. आमच्या गावच्या वाचनालयात चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचे, म्हणजे शहराभोवतीच्या तटबंदीचे आणि तिच्या दरवाजांचे, मोठे फोटो लावायचे आहेत. पोरं बाजाराला जाताना जटपुरा गेटातून जातात, पण वर मान करून कोणी पाहत नाही. दगडात कोरलेला, हत्तीवर स्वार झालेला तो सिंह त्यांनी नीट पाहावा, एवढीच इच्छा.

अडचण उजेडाची आहे. जटपुरा गेट उत्तरेकडं, त्यामुळं हिवाळ्यात त्याची बाहेरची बाजू दिवसभर सावलीतच राहते आणि कोरीव काम सपाट दिसतं. मे महिन्यात सकाळी तिरपं ऊन पडेल असा माझा अंदाज आहे, पण पहिल्या एसटीनं पोचेपर्यंत सूर्य चांगलाच वर येतो. कोणी उन्हाळ्यात तिथं फोटो काढलेत का? किती वाजता? की हिवाळ्यात दक्षिणेचा पठाणपुरा दरवाजाच घ्यावा?

दुसरं, जवळून फोटो काढला की बुरूज मागं कललेले येतात. दूर जावं तर मधात ऑटो आन् गाड्या. मोबाईलमध्येच सरळ केलं तर मोठ्या प्रिंटवर फाटतं का?

राणी हिराईनं बांधलेली गोंड राजा बीरशहाची समाधी आणि शेजारचं अंचलेश्वर मंदिरही घ्यायचं आहे. तिथं ट्रायपॉडसाठी परवानगी कोणाकडून काढली, तेही अनुभव असलेल्यांनी सांगावं.