डेंगीचे डास: पोटं जास्त पॉझिटिव्ह, लाळ सारखीच. कोणती वसाहत जास्त घातक?

अळीपाळक:
एडिस इजिप्ती या डासाच्या दोन वसाहतींना (एकत्र पाळलेल्या डासांच्या गटांना) एकाच दिवशी डेंगी-२ विषाणू मिसळलेलं रक्त पडद्यातून पाजलं. २८ अंशांवर, चौदाव्या दिवशी ‘अ’मध्ये पॉझिटिव्ह पोटं ‘ब’च्या जवळपास दुप्पट, लाळ मात्र दोन्हीकडे सारखीच. ‘अ’ बाहेरून आणलेल्यांची दुसरी पिढी, ‘ब’ जुनी प्रयोगशाळेतली. ‘अ’ जास्त घातक म्हणू का?

प्लाकवाला:
एवढ्यात नको. लाळेची टक्केवारी काढताना छेदात काय घेतलंत: रक्त प्यायलेल्या सगळ्या माद्या, की पाय-पंखांपर्यंत विषाणू पोचलेल्याच? दोन्ही आकडे द्या. पोट पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आतड्यात शिरला, इतकंच. तिथून बाहेर पडणं आणि लाळग्रंथीतून लाळेत उतरणं बाकी असतं. ‘अ’मध्ये यातलंच काहीतरी अडतंय, नेमकं कुठे, ते पाय सांगतील: पायांत विषाणू असला तर तो आतड्यातून बाहेर पडलेला आहे. कापताना पाय-पंख आधी, मग लाळ, पोट शेवटी. प्रत्येक मादीनंतर चिमटा ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा, नाहीतर एकीचा विषाणू दुसरीच्या नळीत.

दुसरी_पिढी:
मुळात ही तुलनाच लंगडी आहे. जुनी वसाहत पिढ्यान्‌पिढ्या आपापसात वाढून बदललेली असते. ती नियंत्रण म्हणून (प्रयोग नीट चालला का ते पाहायला) ठेवा, पण ‘अ’शी तुलना दुसऱ्या ठिकाणच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीशीच करा. ट्रेमधली अळ्यांची गर्दी आणि खाद्य सारखं हवं. आकारामुळेही फरक पडतो, पंखांची लांबी मोजून ठेवा. रक्ताचं टायटर (त्यातलं विषाणूचं प्रमाण) पाजण्याआधी आणि नंतरही तपासा. ते फार चढं असेल तर सगळ्याच वसाहती पॉझिटिव्ह येतात आणि फरक बुडतो. दहा-दहा पटीने विरळ करून तीन मात्रा द्या. विषाणू पेशींतून ताजा काढलेला बरा, गोठवून वितळवला की लागण घसरते. आणि वोल्बाकिया (डासात विषाणूची वाढ रोखणारा जिवाणू) असलेले डास सोडलेल्या भागातून माद्या आल्या असतील तर त्याची पीसीआर (जनुकीय चाचणी) आधी करा!

केशनलिका:
लाळ पीसीआरने पाहिली असेल तर ते फक्त आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश. विषाणू जिवंत आहे का, हे पेशींवर प्लाक (विषाणूने मारलेल्या पेशींचे ठिपके) उठल्यावरच कळतं. शिवाय सोंड नळीत घालून अर्धा-पाऊण तास बसवलेली मादी लाळ फार थोडी सोडते, त्यामुळे निगेटिव्हवर फारसा भरवसा ठेवू नका. सातव्या आणि दहाव्या दिवशीही पाहा: बाहेर डास फार जगत नाही, त्यामुळे लाळेत लवकर उतरणारी वसाहतच जास्त धोक्याची. एका विषाणूवरून वसाहतींचा क्रमही लावू नका. थायलंडमधल्या डासांवरच्या कामात विषाणूचं वाण बदललं की डासांच्या कुळांचा क्रमही बदलतो, असं दिसलं आहे.

अळीपाळक:
लाळ पीसीआरनेच पाहिली होती. पाय उणे ८० ला ठेवलेत.

प्लाकवाला:
मग पाय आधी तपासायला लावा. लाळ उरली असेल तर पेशींवर टाका. एकदाच वितळवा, पुन्हा गोठवू नका.